स्टिअरिंगवरचं लाल फडकं

१

सकाळी सव्वासहा वाजता जीप समुद्रात पाय सोडून बसलेली सापडली.

पुढची दोन चाकं पाण्यात, मागची दोन वाळूत, आणि चारही आसापर्यंत रुतलेली. भरती चढत होती. तंबूंपासून ही जागा चांगली अर्ध्या मैलावर, तेव्हा जीप आपोआप घरंगळत आली असं म्हणायची सोय नव्हती. तिला कुणीतरी चालवत आणलं होतं आणि पाण्याच्या कडेकडेनं पायी परत गेलं होतं. पावलं लाटांनी केव्हाच पुसून टाकली होती.

बेटावर माणसं पाचच. फेरीबोट संध्याकाळी पाचला यायची होती. म्हणजे चोर बाहेरचा, ही प्रत्येक घराला प्रिय असलेली शक्यताही निकालात निघाली.

जीप पायलटची. पायलट हे त्यांचं आगारातलं नाव. चौतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, विमानात एकदाही बसले नाहीत. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, इतकी बेताची की सीटवर उशी घेतल्याशिवाय त्यांना काचेतून रस्त्याऐवजी आभाळ दिसायचं.

"बाबा," लेक म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

लेकीचं, म्हणजे बेबीचं, औषधांचं दुकान होतं. सहलीच्या प्रत्येक डब्यावर तिनं चिठ्ठी लावली होती: काय, किती, जेवणाआधी की नंतर.

"मी?" पायलट म्हणाले. "मी पहाटे फिरायला गेलो होतो गं."

"कुठं?"

"उत्तरेला. बहुतेक. म्हणजे... रोजच जातो ना मी, बाळ."

हे 'बहुतेक' वाळूवर पडलं आणि कुणी ते उचललं नाही. लेकीच्या शेजारी जावई उभा होता, सहा फूट दोन इंच, लिफ्टच्या कंपनीत मोठा अधिकारी. त्याच्या पलीकडे पायलटचे शाळेपासूनचे मित्र पोस्टमास्तर, पक्षी बघायला आलेले. आणि सगळ्यांच्या मागे मावशी.

मावशी म्हणजे पायलटच्या दिवंगत पत्नीची धाकटी बहीण. दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. चाळीस वर्षं त्यांनी आ वासून बसलेल्या माणसांना प्रश्न विचारले होते आणि उत्तर न मिळता उत्तर ओळखलं होतं.

"चावी कुठं होती?" लेकीनं विचारलं.

"चुलीपाशी, खांबाच्या खिळ्यावर. आत्ता निघताना तिथूनच घेतली," पायलट म्हणाले.

"म्हणजे जीप आणली, सोडली, परत जाऊन चावी जागच्या जागी लावली. एवढ्या टापटिपीनं कोण वागतं बाबा आपल्यात? आणि आता आठवत नाही."

पायलटनी जीपकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. हातांना विचारून बघावं तसं. मग अगदी हळू म्हणाले, "मीच असेन गं. मला आठवत नाही, पण मीच असेन."

आणि चावी लेकीच्या हातावर ठेवली.

२

त्या चावीचा करार होता. गेल्या महिन्यात पायलटनी जीप मागं घेताना सोसायटीचं फाटक पाडलं होतं. तेव्हा ठरलं, की आणखी एक चूक झाली तर चावी लेकीची. जीप होती म्हणून ते एकटे राहू शकत होते. जीप गेली की लेकीच्या घरातली मागची खोली तयार होती, धुतलेल्या चादरीसकट. त्या खोलीत काही वाईट नव्हतं. फक्त तिची खिडकी पार्किंगकडे उघडत होती.

जावई आपली नवी गाडी आणायला धावला. तिच्या नाकात पोलादी तारेचा रीळ होता आणि आत टीव्हीएवढा पडदा. पण तो पोचेपर्यंत पाणी जीपच्या बॉनेटवर चढलं होतं. आता दुपारी तीनची ओहोटी येईपर्यंत थांबणं आलं.

तो गाडी घेऊन येईपर्यंतची अर्ध्या तासाची फट मावशींनी वाया घालवली नव्हती. साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या होत्या आणि डॉक्टरनं दाढ तपासावी तशी त्यांनी जीप तपासली होती.

एक, पायलटची उशी मागच्या सीटवर होती, नीट, कोरडी.

दोन, स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं होतं.

तीन, टायर. मावशींनी अंगठ्यानं दाबून पाहिला. दगड.

हा तिसरा मुद्दा त्यांच्या मनात खड्यासारखा रुतून बसला. काल सकाळी धक्क्यावर उतरल्याबरोबर पायलटनी सगळ्यांना उभं करून व्याख्यान दिलं होतं. "वाळूवर चाकानं पाय पसरून चालावं. म्हणून आधी हवा कमी करायची. फुगलेलं चाक वाळूत कुदळीसारखं शिरतं." मग चारही टायरांतली हवा सुस्स करून सोडली आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधलं. ही आगारातली पद्धत. गाडीचं काही काम राहिलं असेल तर स्टिअरिंगला फडकं. म्हणजे दुसरा ड्रायव्हर आला तरी त्याला कळतं. इथं फडक्याचा अर्थ, हवा कमी आहे, परत भरायची राहिली आहे. हवा भरली की फडकं सुटणार.

मावशींना ते व्याख्यान आवडलं होतं. जावयानं तर मोबाईलवर टिपून घेतलं. पोस्टमास्तरांनी दोनदा जांभई दिली. लेक तेवढी नव्हती. बोटीनं तिचं पोट ढवळलं होतं आणि ती तिकिटाच्या खोपटामागं वाकून उभी होती.

आणि आज फडकं जागेवर, पण टायर टम्म.

"भाऊजी," तंबूकडे परतताना मावशींनी विचारलं, "काल संध्याकाळी टायरांत हवा भरली होती तुम्ही?"

"वाळूवर? वेड लागलंय का मला?" पायलट फटकन म्हणाले. मग चार पावलं चालून थांबले. उशी त्यांनी पोटाशी धरली होती. "लागलं असेल, डॉक्टरीणबाई. आता काय सांगावं."

मावशींनी तिथल्या तिथं ठरवलं, की फेरीबोट यायच्या आत हा माणूस स्वतःवर परत विश्वास ठेवायला लागला पाहिजे. जीपचं काय व्हायचं ते होवो.

३

पहिला नंबर पोस्टमास्तरांचा. ते तंबूच्या सावलीत डोळे मिटून बसले होते.

"पहाटे कुठं होतात?"

"पक्षी बघायला. त्या मोठ्या टेकाडामागं. काय सुंदर दर्शन झालं म्हणून सांगू!"

"कुठला पक्षी?"

"पांढरा," पोस्टमास्तर म्हणाले, "साधारण."

"दुर्बीण नेली होती?"

"म्हणजे काय! दुर्बिणीशिवाय मी हलत नाही."

दुर्बीण मावशींच्या डोक्यावरच, तंबूच्या हुकाला लटकत होती, आणि तिच्या झाकणावर कालच्या बोटीतलं मीठ तसंच वाळलेलं होतं. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. पोस्टमास्तरही बघत राहिले. तिघांत दुर्बीणच तेवढी शांत होती.

"आ करा," मावशी म्हणाल्या.

"ऑं?"

"असंच. आणखी मोठा." त्या वाकल्या. "वरच्या डावीकडच्या दाढेला टॉफी चिकटलीये. कॅरॅमलची. बेबीच्या डब्यातली. त्या डब्यावर तिनं 'पोस्टमास्तरांपासून लांब' अशी चिठ्ठी लावली होती."

पोस्टमास्तरांची साखर अडीचशेच्या घरात होती आणि गोळ्या लेकीच्या दुकानातून जायच्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाकीट फोडताना पकडल्यासारखा झाला.

"किती खाल्ल्या?"

"अकरा," ते पुटपुटले. "सांगू नका हो तिला. फार लागेल असं बोलते ती."

"दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच राहते. पण टेकाडामागं बसला होतात, तर जीप गेलेली दिसली असेल."

"दिसली नाही. मी पाठ करून बसलो होतो, कुणी बघू नये म्हणून. पण ऐकली. सकाळी सांगायला तोंड उघडलंही होतं, पण मग टेकाडामागं काय करत होतात हे आलं असतं." त्यांनी खरोखरच मान खाली घातली. "पायलटचा चेहरा बघवत नव्हता. मित्र आहे माझा. अन् मी टॉफीपायी गप्प बसलो."

"काय ऐकलं, ते सांगा आता."

"गिअर. कर्रर्र, कर्रर्र. लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा. दहा मिनिटं तेच. पायलटबरोबर पन्नास वर्षं बसतोय मी, मावशी. त्याचा गिअर असा पडतो की मागं झोपलेलं पोर कूस बदलत नाही."

"मग सकाळी काय वाटलं तुम्हाला?"

पोस्टमास्तरांनी दाढेतली टॉफी जिभेनं सोडवली आणि खिन्नपणे गिळली. "वाटलं, म्हातारा झाला आपला पायलट."

४

लेक भांडी घासत होती. वाळूनं घासायची भांडी ती साबणानं घासत होती, आणि तीसुद्धा अगोदरच स्वच्छ असलेली.

"मावशी, मला काही विचारू नकोस. मी वाईट आहे, माहितेय मला."

"वाईट नाहीस. तू घाबरलीयेस."

"फाटकाच्या जागी उद्या कुणाचं लेकरू असलं तर?" ती पातेलं आणखी जोरात घासायला लागली. "आई असती तर तिनं सांभाळलं असतं. मी त्यांच्या चुका झाकून झाकून थकले गं."

"कुठल्या कुठल्या झाकल्यास?"

लेकीनं आणखी एक ताट साबणात बुडवलं. मावशींनीही घाई केली नाही. भूल चढायला वेळ लागतो.

"तू गाडी कुणाकडून शिकलीस?"

"त्यांच्याचकडून. याच जीपवर. सोळा वर्षांची होते." नकळत तिला हसू आलं. "पहिले तीन महिने फक्त रिव्हर्स. म्हणायचे, पुढं जायला गाढवालाही येतं, मागं यायला अक्कल लागते. आणि या जीपचा रिव्हर्स म्हणजे छळ. दांडा आधी सगळा जोर लावून खाली दाबायचा, मग डावीकडे. नुसता ओढला तर कर्रर्र करतो, पडत नाही. आगारातल्या लोकांनाही जमायचा नाही. बाबांना आणि मला, दोघांनाच."

मावशींच्या डोळ्यांसमोर जीप उभी राहिली. नाक समुद्राकडे, मागं टणक ओली वाळू. तीन फूट मागं आली असती तर सुटली असती. आणि चाकांनी खणलेले खड्डे सगळे पुढच्या बाजूला. चालवणारा रुतल्यावर पुढंच जात राहिला होता, कारण त्याला मागं जाता येत नव्हतं.

म्हणजे पायलट नाहीत. आणि लेकही नाही.

उरलं कोण, हे सांगायला दातांचा डॉक्टर कशाला हवा. पण मावशींना एवढ्यानं समाधान नव्हतं. टायर कुणी फुगवले?

त्यांनी जावयाच्या तंबूचा पडदा बाजूला केला. सहा फूट दोन इंचांचा तो लिफ्टचा अधिकारी आडवा पडून डावी पोटरी दोन्ही हातांनी दाबत होता, आणि त्याचे डोळे ओले होते.

५

"गोळा आलाय," जावई घाईनं उठत म्हणाला. "वाकडा झोपलो रात्री."

"नेहमी डाव्याच पायाला येतो?"

"पहिल्यांदाच."

"तुमच्या त्या नव्या गाडीत डाव्या पायाला काय काम असतं, जावईबापू?"

"काहीच नाही. ऑटोमॅटिक आहे. दोनच पेडल." तो अभिमानानं बोलायला लागला आणि मध्येच अभिमान कुठंतरी गळून पडला. "क्लचच नसतो."

"हवा भरायचा पंप तुमच्याच गाडीत असतो ना? काल वापरला?"

"नाही. शप्पथ नाही." आता तो खरोखर गोंधळलेला दिसला. "का?"

मावशींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचा जबडा आवळतो. याचा सैल होता. हे तो खरं सांगत होता.

एका जीपला दोन गुन्हेगार होते, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

६

दुपारी अडीचला पाणी बरंच उतरलं तेव्हा मावशींनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. पायलट कडेला, मांडीवर उशी घेऊन.

"मी बोलते, तुम्ही ऐका," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात मी प्रत्येक पेशंटला सांगायचे तेच सांगते. मध्ये बोलायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन."

पोस्टमास्तरांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"भाऊजी, पहिलं तुमचं. सकाळी जीपचे टायर टम्म होते, आणि स्टिअरिंगला लाल फडकं होतं. दोन्ही एकदम. हवा भरल्यावर तुम्ही काय करता?"

"फडकं सोडतो."

"कधी विसरलात?"

पायलट विचार करायला लागले. प्रामाणिकपणे, चौतीस वर्षं आणि वर निवृत्तीनंतरची सगळी चाळत बसले. "नाही बुवा," शेवटी ते म्हणाले. "ते हातच करतात. माझं नाव विसरलो तरी हात ते करतील."

"मग टायर तुम्ही भरले नाहीत. ज्यानं भरले त्याला फडक्याचा अर्थ माहीत नव्हता. काल धक्क्यावर तो आपण चौघांनी ऐकला."

लेकीच्या मांडीवरचा डावा हात हळूहळू वर आला.

"मी भरली हवा," ती म्हणाली. "काल संध्याकाळी तुम्ही सगळे सूर्यास्त बघायला गेलात तेव्हा. चारही टायर बसलेले दिसले. मला वाटलं, बाबा हवा भरायची विसरले. यांनी बघितलं असतं तर आणखी एक चूक मोजली गेली असती. म्हणून मी पंप आणला आणि... बाबा, मी तुमची चूक झाकत होते."

"मी सोडली होती गं हवा," पायलट म्हणाले. "मुद्दाम."

"ते आत्ता कळलं."

लांब समुद्र मागं सरकत होता आणि जीपची चाकं उघडी पडायला लागली होती.

"आता उरलं चालवण्याचं," मावशी म्हणाल्या. "भाऊजी उशीशिवाय चालवू शकत नाहीत. बेबीचीही उंची त्यांच्यावरच गेलीये. पण उशी मागच्या सीटवर होती. जो चालवत होता त्याला उशी घेऊन डोकं टपाला लागलं असतं. शिवाय एका साक्षीदारानं, तो कुठं बसला होता हे विचारू नका, दहा मिनिटं गिअर ओरडताना ऐकलाय. त्या माणसाला रिव्हर्स सापडत नव्हता. त्याला क्लचची सवय नाही. आणि पहाटे दहा मिनिटं क्लच दाबून दाबून डाव्या पोटरीत..."

जावयाचा डावा हात वर होता. केव्हापासून होता, कुणास ठाऊक.

"मला गिअरची गाडी येत नाही," तो म्हणाला.

एवढं वाक्य बोलायला त्याला लग्नानंतरची एकोणीस वर्षं लागली होती.

"लायसन्स कसंबसं मिळालं, मग लगेच ऑटोमॅटिक. बाबांसमोर कसं सांगणार? सासरा एसटीचा ड्रायव्हर आणि जावयाला क्लच कळत नाही. म्हटलं, पहाटे गुपचूप शिकून घेऊ. फडकं बघितलं. म्हटलं, बाबांचं फडकं आहे म्हणजे हवा कमी आहे, रुतायची भीती नाही. माझ्याकडे हवा मोजायचं यंत्र आहे, पण फडकं असताना मोजायची गरजच वाटली नाही." त्यानं नाक पुसलं. "रुतल्यावर धावत आलो, सगळ्यांना उठवायला. चावी खिळ्यावर ठेवली आणि तेवढ्यात ही ओरडायला लागली, 'बाबा! बाबांनी जीप नेली!' मी म्हटलं, एक मिनिटानं सांगतो. मग ते एक मिनिट संपलंच नाही. आणि तुम्ही म्हणालात, मीच असेन. तेव्हापासून मला श्वास घेता येत नाहीये, बाबा. रागवा. काहीतरी बोला."

पायलट उठले. वाळू झटकली. जावयासमोर जाऊन उभे राहिले. डोळ्याला डोळा भिडवायला त्यांना आभाळाकडे बघावं लागत होतं.

"म्हणजे मी उत्तरेलाच गेलो होतो," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"तिथं एक मोडकी होडी आहे उलटी पडलेली. हिरवी. आतमध्ये खेकडे." त्यांचा आवाज भराभर वाढत गेला. "मी तिच्यावर बसलो होतो! आठवतंय मला! सकाळपासून आठवत होतं, पण म्हटलं, कालचं असेल!" ते वळले. "मास्तर, हिरवी होडी आहे की नाही रे?"

"आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "काल बोटीतूनच बघितलीये."

लेकीनं पर्समधून चावी काढली आणि वडिलांच्या हातात दिली. मग त्यांचा हात सोडला नाही.

"फाटक मात्र तुम्हीच पाडलंत," ती रडत रडत म्हणाली.

"ते मी पाडलं," पायलट अत्यंत आनंदानं म्हणाले. "दिसलंच नाही मला. डोळे तपासायला येतो मी. कधी म्हणशील तेव्हा. आता डोकं ठीक आहे, तर डोळ्यांचं काय भ्यायचं!"

७

तीनच्या ओहोटीला जावयाच्या गाडीनं तार ताणली आणि जीप गुरगुरत, पाणी ओकत वर आली. इंजिन अर्थातच चालू होईना. खारं पाणी प्यालेलं इंजिन, महिनाभराचं काम. पायलटनी झाकण उघडून आत पाहिलं, चुचकारलं आणि फडकं जागच्या जागी राहू दिलं. काम राहिलं होतं.

बोट यायला दीड तास होता. जीप धक्क्यावर बांधून उभी केली. लेक सामान मोजत होती. टॉफीच्या डब्यापाशी ती थांबली, डबा हलवून पाहिला, पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तर तातडीनं पक्षी बघायला लागले. या वेळी दुर्बिणीतून.

पायलट जीपशी काहीतरी खुडबुड करून रिकाम्या हातांनी येताना दिसले.

"बाबा, उशी गाडीतच विस..." लेक म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

मावशींनी जीपकडे मान वळवली.

"विसरलो नाही," पायलट म्हणाले. "मागच्या सीटवर ठेवलीये. पुढं तो बसणार आहे." आणि जावयाकडे वळून त्यांनी आगारातल्या आवाजात फर्मावलं, "चला. इंजिन बंद आहे, गाडी बांधलेली आहे, कुणी मरणार नाही. क्लच दाबा. दांडा आधी खाली. सगळा जोर. हं, आता डावीकडे."